होडी या आठवड्यात कुणाकडे?

शुक्रवार, १२ सप्टेंबर. पितृपंधरवडा.

हजर : मी, मेधा, वय बावन्न, राहणार सूस, कंपनीत विक्री आणि साठा बघणारी. निनाद, वय चौतीस, त्याच कंपनीत खेळ तयार करणारा. माझी गाडी. मागच्या सीटवर बदली म्हणून दोन डबे, अकरा कार्डं, निनादचा लॅपटॉप. कोरडे कपडे : माझे तीन जोड, निनादचा एक. छत्री एकच, माझी.

ज्यांच्या घरात असलं काही नाही, त्यांच्यासाठी आधी सांगते. आमचा डबा पोळ्यांच्या डब्याएवढा असतो. तो टीव्हीला जोडायचा आणि त्यात काडेपेटीएवढं कार्ड खोचायचं की खेळ सुरू. एका कार्डात एक खेळ. या धंद्यात डब्यावर फारसं सुटत नाही, जे सुटतं ते खेळांवर. जो खेळ दुसरीकडे मिळत नाही, त्यासाठी लोक डबा घेतात. म्हणून एकाने घेतलेलं कार्ड दहा घरांत फिरू नये याची काळजी कंपन्या घेतात. आम्हीही घेतली. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमची कार्डं जुन्या मालाच्या दुकानांतून इतकी फिरायला लागली, की नवा खेळ दुसऱ्या आठवड्यातच खपायचा थांबायचा. तेव्हा मी कुलूप सुचवलं. कार्ड ज्या डब्यात पहिल्यांदा खोचलं, त्याच डब्यात चालणार. दुसरीकडे खोचलं तर पडद्यावर ओळ येते, ‘हे कार्ड या डब्याचे नाही.’ ती ओळ मी लिहिलेली. कुलपाने कंपनी वाचली, असं मी आजही म्हणते.

आता मुळशीचं काम. ताम्हिणीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यावर एक सहा घरांची वाडी आहे. सहाही घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. आषाढात आम्ही तिथे सहा डबे वापरून बघायला दिले, प्रत्येक घरी एक डबा आणि त्यांनी निवडलेलं एक कार्ड. ठेवायचे की परत करायचे, ते घटस्थापनेला ठरणार होतं. पाण्याकाठच्या बाकीच्या घरांचं लक्ष या वाडीकडे आहे, त्यामुळे तिथे जे ठरेल तेच पुढे सगळीकडे होईल. मध्यंतरी एक मोठी कंपनीही तिथे येऊन गेली होती. तिच्या डब्याचा रंग लाल, म्हणून आम्ही तिला लाल डबा म्हणतो. त्यांच्यात कार्ड नसतं, इंटरनेटवरून सगळे खेळ सगळ्यांना उघडे. पंधरवड्यात कोणी नवी वस्तू घरात आणत नाही, त्यामुळे त्यांचा माणूस या दिवसांत फिरकणार नाही असा माझा अंदाज. म्हणून मी हेच तीन दिवस निवडले.

पौड मागे पडलं आणि गाडीच्या काचेवर पांढरं काहीतरी येऊन बसलं. वायपरने ते हलेना, कारण ते काचेवर नव्हतंच. पुढचा सगळा प्रदेशच पांढरा झाला होता. मधूनच एखादं झाड समोर यायचं, आपण ओळखीचे आहोत असं दाखवायचं आणि निघून जायचं. रस्त्याकडेला तेरडा फुलला होता, पण फुलं दिसायची आणि झाडं नाहीत, गुलाबी ठिपके नुसते हवेत लटकलेले. पाणी उजव्या हाताला असणार होतं. ते काही दिसलं नाही. निनाद खिडकी उघडून भिजत बसला होता. मी त्याला खिडकी बंद करायला दोनदा सांगितलं आणि मग माझीही उघडली.

पहिलं घर, शेवटचं घर

वाडीतलं पहिलं घर बाजीरावांचं, अगदी रस्त्याला लागून. दारात चार गाड्या उभ्या राहतील एवढी फरसबंदी. साठीचा, मिशा पांढऱ्या झालेला माणूस.

“या मॅडम. पंधरवड्यात कुटं निगाला?”

“डबे बघायला आले. चालतायत ना?”

“चालत्यात की.”

माझ्या टिपणात ‘आपली बाजू’ असा एक रकाना होता आणि त्यात पहिली नोंद ‘तिथे नेट नाही’. बाजीरावांच्या भिंतीवर इंटरनेटची नवीकोरी पेटी होती, हिरवा दिवा लागलेला. केबल श्रावणात आली म्हणाले. मी ती नोंद खोडली.

मग डबा उलटा केला. प्रत्येक डब्याखाली क्रमांक असतो. माझ्या यादीप्रमाणे इथे चौदा हवा होता. होता पंधरा. लिहिताना चूक झाली असेल म्हणून दुसऱ्या घरी गेले. तिथे पंधराच्या जागी सोळा. तिसऱ्या घरी सोळाच्या जागी सतरा. चढावर एकामागे एक घरं आहेत. धुक्यात पुढचं घर दिसत नाही, फक्त चुलीच्या धुराचा वास येतो आणि त्या दिशेने जायचं. सहा घरं चढून झाली आणि सहाही क्रमांक चुकीचे निघाले. प्रत्येक घरी मी विचारलं आणि प्रत्येक घरी एकच उत्तर, “तुमचाच हाय की डबा!” खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होतं असंही नव्हतं.

नजर चुकवण्याचं कारण मला ठाऊक होतं. सगळ्यांनी सही केलेल्या कागदावर कलम होतं, ‘डबा दुसऱ्या घरी हलवू नये.’ तेही मीच घातलेलं.

सगळ्यात वरचं, शेवटचं घर सुमनआक्कांचं. पंचेचाळिशीच्या असतील. मागे भात आहे, ते घरापुरतं होतं. बाकी सगळं दोन खोल्यांवर. त्यांच्या दारापर्यंत गाडी येत नाही. त्यांनी माझी वही बघितली, माझ्या चपलांना लागलेला चिखल बघितला आणि हसल्या.

“लिव्हून झालं का समदं? मग च्या घ्या. उद्या सकाळी लवकर उटा, मंग कळंल.”

आम्ही त्यांच्याकडेच उतरलो. जेवायला तांदळाची भाकरी, मुगाची आमटी आणि ठेचा. निनादने ठेच्याला चटणी समजून हात घातला, त्यानंतर तो दोन तांबे पाणी प्यायला.

शनिवार : डबे चालले

सहाला बाहेर आले तर अंगण संपतं तिथे जग संपलेलं. भात नुकतं निसवलेलं, लोंब्या बाहेर आलेल्या, त्याचा एक गोडसर, ओला वास. त्या पांढऱ्यातून एकेक बाई वर आली. प्रत्येकीच्या डोक्यावर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं एक चौकोनी गाठोडं. बांधावरून त्या इतक्या सावकाश चालत होत्या की पाय हलतायत असं वाटतच नव्हतं. गाठोडी आधी दिसली, मग चेहरे. माझ्या यादीतले सगळे क्रमांक माझ्या अंगावर चालत येत होते.

सगळ्या आधी आक्कांच्या अंगणात जमायच्या आणि तिथून प्रत्येक डबा एक घर पुढे सरकायचा. पाचव्या घरचा सहाव्याला, सहाव्याचा पहिल्या घरी. दर शनिवारी.

“ताई, आमी तुमचा डबा काय इकला न्हाई,” आक्का म्हणाल्या. “फिरीवतो फकस्त. कार्ड फिरीवलं तर तो म्हनतो, ह्या डब्याचं न्हाई. पाव्हण्यांच्या म्होरं म्हनतो! मग काय, डब्यासकट फिरीवतो.”

“पण कशाला?”

“लावणीला कसं करतो? आज हिच्या खाचरात समद्या, उद्या तिच्या. सावड. तसंच हे.”

आषाढात सहा घरांनी सहा वेगळी कार्डं मागितली, तेव्हा मी वहीत ‘आवड ठरलेली नाही’ असं लिहिलं होतं. शहरात सगळे एकच गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मागतात. इथे त्यांनी आपसात ठरवून, एकही खेळ दोनदा येणार नाही असं बघून मागितली होती.

तेवढ्यात निनाद मदतीला धावला. पाचव्या घरचा डबा त्याने उचलला आणि बांधावरून चौथ्या पावलाला घसरून खाचरात बसला. कमरेपर्यंत चिखल. दोन्ही हात वर, हातात डबा.

“डबा ऱ्हायला, दादा बुडाला!” कुणीतरी ओरडलं आणि सगळ्या बायका गाठोडी डोक्यावर तोलत हसल्या. मी त्याच्याकडचा डबा घेतला आणि उरलेली वाट मी चालले. डोक्यावर काही घेऊन मी आयुष्यात कधी चालले नव्हते. पाचव्या पावलानंतर मान आपोआप ताठ होते आणि बघायला फक्त समोरचं राहतं. समोर काहीच नव्हतं. मला ते फार आवडलं. यादीत हे कुठे लिहायचं ते कळलं नाही.

त्या डब्यात होडी होती.

होडी हा निनादचा सगळ्यात जुना खेळ. एक तळं, धुकं, एक होडी. गुण नाहीत, वेळ नाही, शत्रू नाही. वल्हं मारायचं, पुढे जायचं. बऱ्याच वेळाने एखादा काठ दिसतो, तोही पुसट. पुण्यात तो चालला नाही. माझ्या ‘बंद करायचे’ यादीत तो सहा महिने पहिल्या क्रमांकावर आहे. मुळशीला एक कार्ड गेलं ते केवळ शिल्लक होतं म्हणून.

दुपारी आक्कांच्या दोन्ही खोल्या भरल्या. पाहुण्यांत सूसचीच एक मुलगी निघाली, आमच्या शेजारच्या सोसायटीतली, आयटीत काम करणारी. खाली गाडी लावून, बॅगा घेऊन, चढ चढून आली होती.

“खाली रोडवरचं घर जास्त सोयीचं नाही का?” मी विचारलं.

“हो, पण धिस वीक होडी इथे आहे ना. मी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारूनच बुकिंग केलं.” तिने चपला काढल्या आणि टीव्हीसमोर गादीवर आडवी झाली. “काकू, इथे येऊन मुळशी लेकच दिसत नाही हो. तीन ट्रिप झाल्या, नुसतं धुकं.”

“म्हनून तर ह्यात बघत्यात,” आक्का माझ्या कानाशी म्हणाल्या.

खिडकीबाहेर खरं पाणी होतं आणि दिसत नव्हतं. पडद्यावर खोटं पाणी होतं आणि त्यावरून होडी चालली होती. दोन्हीकडचं धुकं एकच वाटायला लागलं. वल्ह्याचा आवाज, छपराच्या पागोळ्यांचा आवाज. मुलगी झोपली, होडी आपली आपण वाहत राहिली. दारात चिखल वाळलेल्या पँटमध्ये निनाद उभा होता. आपला खेळ कुणी असा वापरेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी हातातली वही मिटली आणि किती वेळ बसले ते नोंदवलं नाही.

बाजीरावांकडचा म्हाळ

त्याच दिवशी बाजीरावांकडे म्हाळ होता, म्हणजे पितरांचं जेवण. सगळ्या वाडीला बोलावणं, आम्हालाही. खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, अळूवडी, आमसुलाची चटणी. पान कौलावर ठेवलं आणि हात खाली येतो न येतो तोच कावळा आला. आमच्याकडे सातव्या मजल्यावर पान गच्चीत ठेवतात. कबुतरं येतात आणि सोसायटीचं पत्र येतं. मी हे सांगितल्यावर पंगत बराच वेळ हसत होती.

खीर दुसऱ्यांदा वाढताना बाजीराव म्हणाले, “मॅडम, सरळ सांगतो. लाल डबेवाला गणपतीआदी येऊन गेला. समदे खेळ, समद्या घरांत, येकदम. पंधरवडा हाय म्हनून थांबलोय. घटाला बशिवतो.”

मी तयारीत होते. “दादा, मी कुलूप काढून देते. आणि सहाही घरांना सगळी कार्डं देते, होडीसकट. डबे वाहायला नकोत, काही नको.”

मला वाटलं, सगळे खूश होतील. बाजीराव झालेही. सुमनआक्कांनी हातातला वडा पानात ठेवला.

“नगं, ताई.”

“का हो?”

“समद्यांकडं समदं झालं, तर पाव्हणा चढ कशाला चढंल? भावजींच्या दारात गाडी थांबती. माज्या दारात फकस्त ढग थांबत्यात.” बाजीराव त्यांचे चुलत दीर. “होडी येती त्या आठवड्याला माज्या खोल्या भरत्यात, सहा आठवड्यांतनं येकदा. बाकीच्या पाच आठवड्यांत त्यातलंच कुनी पुन्यांदा येतं, वळखीनं. लाल डबा आला काय न् तुमी समद्यांना होडी दिली काय, मला सारखंच. मी आपली पिरंगुटच्या बसला उभी ऱ्हाते, कुठल्यातरी कंपनीत हेल्पर म्हनून.”

बाजीरावांनी खिरीचं भांडं खाली ठेवलं.

“वैनी, धंदा हाय,” बाजीराव म्हणाले. “ज्याचं दार त्याचं गिऱ्हाईक.”

“व्हय का? आखाडात होडी माज्याकडं व्हती. पाव्हनं तुमच्या दारावरनं चढून वर येत व्हतं. तवा कोन आलं व्हतं माज्या वट्यावर, आमालाबी येक आठवडा द्या म्हनून? सावड कुनी काडली?”

मिशीतल्या मिशीत बाजीराव हसले. बाकीच्यांनी ते बघितलं आणि मग सगळेच हसले. “वैनीचं ध्यान लई,” ते म्हणाले. “बगू. घटाला बोलू.”

म्हणजे सावड सगळ्यात चांगल्या जागेच्या माणसाने काढली होती, कारण सगळ्यात चांगला खेळ सगळ्यात वाईट जागेच्या घरी होता. मी तीस वर्षं विक्रीत काढली. एखादी गोष्ट कमी ठेवून ती टिकवायची, हे मी कंपन्यांसाठी केलं होतं. सहा घरांसाठी कुणी केलेलं बघितलं नव्हतं.

रविवार : कुलूप

सकाळी ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो. ढाब्यावर पिठलं-भाकरी. पत्र्यावर पाऊस इतका, की मागवलेलं सगळं खुणांनी मागवावं लागलं. येताना एका वळणावर धुकं एकदम फाटलं आणि खाली पाणी दिसलं, शिशाच्या रंगाचं, विस्तीर्ण, अजिबात न हलणारं. आम्ही गाडी थांबवून दरवाजे उघडेपर्यंत ते पुन्हा मिटलं.

“एकच कार्ड?” निनाद गाडीत म्हणाला. “मेधाताई, माझा एक खेळ पहिल्यांदा लोकांना हवाय, आणि तो कमी घरांत असावा म्हणून आपण धडपडायचं?”

“एका वाडीला एकच. कुलूप काढायचं, पण दुसरी प्रत द्यायची नाही. लाल डब्याला हे जमणार नाही. त्यांच्यात खेळ हातात धरता येत नाही, त्यामुळे तो एका जागी आहे आणि दुसऱ्या जागी नाही, असं होतच नाही.”

“आणि बाजीरावांनी दुसरी मागितली तर?”

“नाही म्हणायचं.”

“तुम्ही? विक्रीला? नाही?” तो हसला. मी गिअर बदलला.

आक्कांच्या ओट्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि एकेका कार्डाचं कुलूप काढलं. सहाही घरची माणसं गोल करून उभी होती. बाजीराव छत्रीसकट आले आणि सगळं बघून परत गेले. पडद्यावरची माझी ओळही मी काढायला सांगितली. तिच्या जागी काय घालायचं, असं निनादने विचारलं. काही नको, मी म्हणाले.

मग आक्कांनी शर्यतीचं कार्ड चाचणी म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि बांधावरून निघाल्या. डोक्यावर काही नाही, हात मोकळे. पाच-सहा पावलांत पायांपासून विरघळत गेल्या, शेवटी केस, मग तेही नाहीत. थोड्या वेळाने पाचव्या घरातून गाड्यांचा घरघराट ऐकू आला. चाललं होतं.

निघताना त्यांनी मला इंद्रायणी तांदूळ दिला आणि म्हणाल्या, “घटापातुर भावजी काय बोलत न्हाईत. तवर तुमी नीट ऱ्हावा.” मी हो म्हटलं. नीट म्हणजे काय ते विचारलं नाही.

परत आल्यावर

पौडला धुकं संपलं, पिरंगुटला सगळं नेहमीसारखं स्पष्ट झालं. या कामातल्या बहुतेक नोंदींवर आता बरोबरची खूण आहे. क्रमांकांची यादी घरांऐवजी वाडीच्या नावावर केली. कागदातलं ‘हलवू नये’ हे कलम काढलं. होडी ‘बंद करायचे’ यादीतून काढली, निनादला तसं लेखी दिलं. फिरवताना पावसात भिजून नंतर बंद पडलेल्या सतरा नंबरच्या डब्याची बदली पाठवली.

काल, बुधवारी, बाजीरावांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, त्यांनी निरोप रेकॉर्ड करून ठेवला.

“मॅडम, डबे ठेवतोय आमी समदे, लाल नगं, तेवडं लिव्हून घ्या. फकस्त येक करा. होडीचं येक कार्ड जादा पाठवा, माज्या घरच्या पत्त्यावर. वैनीला काय सांगू नका.”

मी तो निरोप चार वेळा ऐकला. मुळशी तालुक्यातून आलेली ही आमची पहिली मागणी. सवयीने मी पाकीट काढलं, पत्ता लिहिला, कार्ड शिल्लक आहे का बघितलं. आहे, दहा आहेत.

घटस्थापना सोमवारी. त्याआधी नाही म्हटलं तर ते लाल डब्याला फोन करू शकतात आणि त्यांच्यामागे सगळी वाडी जाईल. हो म्हटलं तर वाडी राहील आणि चढावरचं शेवटचं घर जाईल. पाकीट मी कपाटात ठेवलंय, कार्ड न घालता. आजच्या यादीत एकच काम शिल्लक आहे, बाजीरावांना फोन करणे. सकाळी दहाची वेळ लिहिली होती. ती खोडून बारा लिहिली. आता चार वाजत आलेत.